पूजेला मुलगा बसत नाही, मोदक मात्र खातो

पत्र

मी दांडिया बाजारात राहते, वय 52. सासरे गेल्यापासून घरचा पाच दिवसांचा गणपती, गौरी, नवरात्र, चंपाषष्ठी असं सगळं माझ्याकडे आहे. मुलगा 24 वर्षांचा. इथेच इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं बंगळूरला नोकरीला आहे. गेल्या वर्षी गणपतीला आला आणि पाट मांडून झाल्यावर म्हणाला, "आई, मी पूजेला बसणार नाही. माझा विश्वास नाही, उगाच नाटक कशाला?" समोर गुरुजी, मावस सासूबाई, शेजारपाजार. शेवटी ह्यांना बसवलं. मावस सासूबाई जाताना म्हणाल्या, "संस्कार कमी पडले." मुलगी 19 वर्षांची आहे. गरब्याला नऊ रात्री जाते, पण पाळीत बाजूला बसणार नाही आणि तसं बसवणार असाल तर घरच्या नवरात्रात मी हातच लावणार नाही, असं म्हणते. हे स्वतः रोज देवाला नमस्कारही करत नाहीत, पण मुलाला म्हणाले, "घरात राहायचं तर घरचं पाळ." तेव्हापासून त्याचे फोन कमी झालेत. आजकालची मुलं अशी का झाली? माझं काय चुकलं? यंदा त्याला बसवू की नको? आणि आमच्यामागे या देवांचं कोण करणार?

— एक आई, वडोदरा

उत्तर

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला तारीख आहे. यंदा त्याला पूजेला बसवू नका.

कारण साधं आहे. पूजेच्या सुरुवातीला संकल्प असतो. यजमान स्वतःचं नाव-गोत्र उच्चारतो, ‘करिष्ये’ म्हणतो आणि हातावरून पळीभर पाणी सोडतो. ‘करिष्ये’ म्हणजे ‘मी करीन’. बहुतेक यजमान गुरुजींच्या मागे तो शब्द म्हणतात आणि त्याच वेळी मोदक फुटले की काय म्हणून कान स्वयंपाकघराकडे लावतात. तुमच्या मुलाने त्या शब्दाचा अर्थ धरला आणि तो आपल्याला खरेपणाने म्हणता येणार नाही, असं सांगितलं. चारचौघांत, पाट मांडल्यावर सांगितलं हे चुकलंच. ते त्याला आधी फोनवर कळवता आलं असतं. पण ज्याला देवासमोर खोटं बोलवत नाही, त्याच्यावर संस्कार कमी पडले असं आम्हाला वाटत नाही.

पूजेला मुलीला बसवा, नाहीतर तुम्ही बसा. बाईने यजमान म्हणून पार्थिव गणपतीची पूजा करणं आता पुष्कळ घरांत रुळलंय. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तर पौरोहित्यही स्त्रियांना शिकवलं, आणि तिथल्या पद्धतीत प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगतात. तुमच्या गुरुजींना मात्र आठ-दहा दिवस आधी विचारा. चतुर्थीच्या सकाळी विचारलंत तर त्यांना चार घरं गाठायची असतात, ते ‘नाही’ म्हणून मोकळे होतील आणि तुमच्याकडे दुसरा मार्ग उरणार नाही.

आता ‘आजकालची मुलं’. ही तक्रार जगभर आहे, पण सगळीकडे सारखी खरी नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या 2001 च्या जनगणनेत 14.8 टक्के लोकांनी ‘कुठलाच धर्म नाही’ असं नोंदवलं होतं, 2021 मध्ये 37.2 टक्क्यांनी. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरच्या मोजणीत हा आकडा 2007 ला 16 टक्के होता आणि 2023-24 ला 29 टक्के. त्यातही अमेरिकेतली वाढ गेल्या काही वर्षांत थबकल्यासारखी दिसते. आपल्याकडे याच संस्थेने 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या सुरुवातीपर्यंत 17 भाषांत जवळपास 30,000 प्रौढांशी समोरासमोर बोलून पाहणी केली. 97 टक्के लोकांनी देव मानतो म्हटलं, 84 टक्क्यांनी धर्म आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं आणि तरुण-म्हातारे यांच्यात मोठी दरी आढळली नाही. म्हणजे ‘सगळी पिढीच हातची गेली’ असं भारतात तरी झालेलं नाही. तुमच्या मुलासारखे संख्येने थोडे आहेत, पण बोलके आहेत. आणि आपण ज्याला ‘धार्मिकपणा कमी झाला’ म्हणतो, ते बऱ्याचदा देव सुटणं नसतं, देवघर सुटणं असतं. पावागडला रात्री चालत जाणारी, फागण पूनमेला डाकोरची वाट धरणारी, मांडवीपासून अलकापुरीपर्यंत गणपतीचे मांडव उभारणारी मुलं याच वयाची आहेत. तीच घरी आली की सकाळच्या आरतीला उठत नाहीत.

असं का होतं, याची कारणं तुमच्या पत्रातच आहेत.

पहिलं कारण ‘हे’. राग मानू नका. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा 1970 पासून पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा करणारे समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगट्सन यांना असं दिसलं, की धर्म पुढच्या पिढीत उतरतो की नाही हे आईवडिलांच्या जवळिकीवर, त्यातही वडिलांच्या मायेवर पुष्कळ अवलंबून असतं. नुसतं कडक धार्मिक असून भागत नाही. वडील दुरावलेले असले की मुलं त्यांचा देवही दूर ठेवतात. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी 2009 मध्ये दुसरी बाजू मांडली: मूल मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा, ते ज्यासाठी झीज सोसतात ते पाहतं. आजोबा पहाटे गार पाण्याने आंघोळ करून, ओलेत्याने पूजा करत होते तेव्हा कुणाला ‘विश्वास ठेव’ म्हणावं लागलं नाही. वडील सोफ्यावर मोबाइल चाळत ‘जा, बस पूजेला’ म्हणतात, तेव्हा मुलाला अचूक कळतं, की हे काम महत्त्वाचं नाही, फक्त कुणीतरी उरकायचं आहे. मुलाने वडिलांचा नास्तिकपणा उचलला आणि वर तो उघड बोलून दाखवला, एवढाच फरक. म्हणून ‘घरचं पाळ’ हे वाक्य त्यांनी मागे घ्यायला हवं, तेही स्वतः फोन करून. तुम्ही मध्यस्थी करू नका. देवाचा विषय काढायची गरज नाही, "मी त्या दिवशी जास्त बोललो" एवढं पुरतं.

दुसरं कारण भाषा. वडोदऱ्याच्या मराठी घरांत हे जरा जास्तच आहे. शाळा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची, मित्रांशी गुजराती, घरात मराठी, देवासमोर संस्कृत. परवा आरतीला मुलं काय म्हणतात ते कान देऊन ऐका. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं आणि ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’. नागाचा कमरपट्टा बांधलेला गणपती फळीवर जाऊन बसतो! मोठी माणसंही हेच म्हणतात आणि कुणी थांबवत नाही. समर्थांची रचना मराठीत आहे, तिची ही गत; मग षोडशोपचारांतल्या संस्कृतचं काय सांगावं? अर्थ न कळता दीड तास मांडी घालून बसायला भक्ती लागते, आणि ती नसेल तर उरते ती पायाला आलेली मुंगी. हे दुखणं जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी याच शहरातून 1915 साली हिंदू पुरोहित कायदा केला, तो पुरोहिताने परीक्षा देऊन परवाना घ्यावा म्हणून. आपण काय म्हणतोय हे निदान म्हणणाऱ्याला तरी कळावं, हा त्यामागचा आग्रह. शंभर वर्षांपूर्वी राजाला जे खटकलं तेच तुमच्या मुलाला खटकतंय. राजाने कायदा केला, मुलगा पाटावरून उठला.

तिसरं कारण अन्याय. ते मुलीच्या बोलण्यात आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत वजनदार आहे. विज्ञान शिकून मुलं नास्तिक होतात हे आपलं आवडतं उत्तर, कारण त्यात आपला दोष नसतो. प्रत्यक्षात ज्या घरात विधवा काकूला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसवतात, कामवाल्या बाईचा पेला वेगळा असतो, मुलीला चार दिवस कोपरा दाखवतात, तिथली मुलं देवाबद्दल तर्क लढवत नाहीत. आईवडिलांच्या न्यायबुद्धीबद्दल शंका घेतात, आणि देव त्या शंकेबरोबर जातो. कमाटी बागेत संकल्पभूमी आहे, तुम्ही पुष्कळदा तिच्यावरून गेला असाल. सप्टेंबर 1917 मध्ये, बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून संस्थानच्या नोकरीत आलेल्या 26 वर्षांच्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही निघावं लागलं आणि ते त्या बागेत झाडाखाली बसले. पुढे 1956 ला त्यांनी हिंदू धर्मच सोडला. तुमच्या मुलीची गोष्ट कितीतरी लहान आहे, पण प्रश्नाची जात तीच.

म्हणून पाळीचा नियम या वर्षापासून बंद करा. अर्धवट नको, ‘घटाला हात लावू नकोस, बाकी चालेल’ असली तडजोड तिला जास्त झोंबेल. घरात एकदाच सांगायचं: ज्याला बरं वाटतंय त्याने करायचं, पोटात दुखत असेल त्याने झोपायचं. तुम्हाला स्वतःला लगेच जमणार नसेल तर तुमच्यापुरतं पाळा, तिच्यावर लादू नका.

चौथं कारण अगदी कोरडं: रजा. आपले सण तिथीवर, कंपनी तारखेवर. चतुर्थी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. बंगळूरच्या मुलाला हे ऑगस्टात कळून उपयोग नाही. पुढच्या दोन वर्षांच्या चतुर्थी, गौरी, घटस्थापना आणि चंपाषष्ठीच्या तारखा आत्ताच पंचांगातून काढून त्याला पाठवा. सोबत ‘येशील ना?’ लिहू नका, नुसत्या तारखा पाठवा.

आता त्याच्याशी बोलायचं कसं. फोनवर शक्यतो नको, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तो घरी येईल तेव्हा पहिला दिवस सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन चालायला जा, दोघंच. बरोबरीने चालताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. त्याला तीन गोष्टी विचारा. तुला नेमकं काय नको आहे: देव, गुरुजींची पूजा, की नातेवाइकांसमोर बसणं? लहानपणी यातलं काय आवडायचं? आणि घरात काय बंद व्हावं असं तुला वाटतं? प्रत्येक उत्तराला तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणायचं. देव आहे की नाही यावर वाद घालू नका. तो तुम्ही हराल किंवा जिंकाल, दोन्हीत तोटा आहे. त्या दिवशी कुठलाही निर्णय सांगू नका. ‘विचार करते’ म्हणा आणि खरंच करा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल अशी शक्यता बरीच आहे. देव नको म्हणणारी पुष्कळ मुलं प्रत्यक्षात प्रदर्शन नको म्हणत असतात. काहींना खरोखरच देव नको असतो. तेही उत्तर ठीक आहे, आणि ते बदलेल याची वाट पाहत बसू नका. बदलतं कधीकधी: अरविंद घोष 1893 ला बडोद्यात नोकरीला आले तेव्हा विलायतेत वाढलेले, धर्माचा गंध नसलेले विशीतले तरुण होते. पुढे 1908 च्या जानेवारीत याच शहरात विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याकडून त्यांनी साधना घेतली. पण त्यांना पाटावर कुणी बसवलं नव्हतं, आणि मध्ये पंधरा वर्षं गेली होती.

काय करू नये ते इथेच सांगतो, कारण बहुतेक घरं इथेच घसरतात. ‘तू बसला नाहीस तर मी जेवणार नाही’ हे नको. तो एकदा बसेल आणि पुढच्या वर्षी घरीच येणार नाही. पत्रिका घेऊन जोतिषाकडे जाऊ नका, त्याच्या बॅगेत नकळत अंगाऱ्याची पुडी ठेवू नका. सापडली की तुमच्या शब्दावरचा विश्वास जातो. चुलतभावाचं उदाहरण नको. आणि ‘आपल्या प्रत्येक रूढीमागे विज्ञान आहे’ छापाचे फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका. तुळस रात्रंदिवस ऑक्सिजन देते असं त्यात असतं. प्रकाश नसला की कुठलीच वनस्पती तो देत नाही, हे त्याने दहावीत शिकलेलं असतं. एक खोटी गोष्ट सापडली की तो बाकीच्या खऱ्याही त्याच टोपलीत टाकतो. तुळशीला पाणी घालायचं कारण ‘माझी सासू घालायची आणि मला बरं वाटतं’ हे पुरेसं आहे, आणि ते खोडून काढता येत नाही.

त्याला पाट नको असेल तर काम द्या. घरच्या धर्मात मुलग्यांना कामच नसतं, हा आपल्याकडचा मोठा घोटाळा आहे. बायका पंधरा दिवस आधीपासून राबतात, म्हणून त्यांचा जीव त्यात अडकतो. मुलगा आयत्या पाटावर येऊन बसतो आणि उठतो. त्याला विसर्जन सोपवा. मूर्ती शाडूची आणा, उंची 8-9 इंच, रंग कमीत कमी. उत्तरपूजा झाली की हार, पत्री, जानवं, कागदी दागिने काढून घ्यायचे आणि मूर्ती पूर्ण बुडेल अशा मोठ्या बादलीत किंवा टबात अलगद सोडायची. चांगली शाडू बहुधा रात्रभरात विरघळते. कधी पोटाचा जाड भाग दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, तेव्हा ढवळून फोडायचा नाही, पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशीही मूर्ती तशीच दिसली तर ती प्लास्टरची होती, दुकानदाराने फसवलं. ती घरी ठेवू नका, महापालिकेच्या कृत्रिम तलावात द्या. खाली बसलेला गाळ कुंडीत चालतो, पण रंगीत मूर्तीचा गाळ तुळशीत नको.

दुसरं काम उकड. हॉस्टेलवर आणि बंगळूरच्या फ्लॅटवर राहून तो चहा-मॅगीच्या पुढे गेला असेलच. 21 मोदकांना साधारण 2 वाट्या तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, 2 वाट्या खवलेला नारळ आणि 1 वाटी चिरलेला गूळ लागतो. पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आणायची, पिठी घालून ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ, आणि मग चटके बसतील इतकी गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. बायकांचे हात पोळतात म्हणून त्या थांबतात, तेवढ्यात उकड गार होते आणि पारी फाटते. हे मळण्याचं काम मजबूत तळव्याच्या मुलाचं आहे. जुन्या तांदळाची पिठीही फाटते. नव्या, चिकट तांदळाची घ्या. तुमच्या पत्रात नाही, पण मोदक त्याने गेल्या वर्षीही खाल्ले असणार. करायला लावा.

चंपाषष्ठीला तळी असते, तिथे तर हात मोजून लागतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा घालून पाच जणांनी मिळून ती उचलायची आणि येळकोट करायचा. हे देव मानणाऱ्यालाही आवडतं आणि न मानणाऱ्यालाही, कारण त्यात ओरडायला मिळतं. येता आलं तर येईल.

नवरात्राची बाजू मुलीकडे द्या, पण ‘मदत कर’ म्हणून नको, ‘हे तुझं’ म्हणून. ती ज्या गरब्याभोवती नऊ रात्री फिरते तो शब्द गर्भदीपातून आलाय, म्हणजे आत दिवा ठेवलेलं छिद्रांचं मडकं. तुमच्याकडे घटाभोवती मातीत धान्य रुजतं. एकाच देवीसमोर मांडलेली ही दोन मडकी आहेत, एक गुजराती आणि एक मराठी. हे तिला सांगून बघा. बहुधा तिला कुणी सांगितलेलं नसेल. रात्री बारानंतर घरी येणाऱ्या मुलीला पहाटेची पूजा जमणार नाही, म्हणून माळ बांधायची वेळ सकाळी आठची ठेवा. घटाच्या मातीला रोज दोन-तीन चमचेच पाणी; प्रेमाने तांब्याभर ओतलं की चौथ्या दिवशी धान्य कुजून वास येतो. अखंड दिव्याला नऊ दिवसांचं तेल म्हणून दोन लिटर घरात असू द्या. दिवा विझतो तो बहुतेक वेळा पंख्याने किंवा काजळीने. काजळी काढण्याआधी त्याच ज्योतीवर शेजारची निरांजन पेटवून ठेवायची, मग वात पुढे सरकवायची. वात विझलीच तर निरांजनीवरून पुन्हा लावायची, ज्योत तीच राहते. आणि सगळं करूनही विझला तर पुन्हा लावायचा. त्यावरून घरात कुणी ‘अपशकुन’ हा शब्द काढू नये. मुलांच्या मनातून देव उतरवायला तो एक शब्द पुरतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुमच्यामागे सगळं जसंच्या तसं कुणीही करणार नाही. तुमच्या सासूबाई जे करत होत्या त्यातलं तुम्हीही पुष्कळ सोडलंय, आठवून बघा. तेव्हा काय राहावं हे तुम्हीच ठरवा, नाहीतर जे लिहिलेलं नाही ते आपोआप जातं. एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक कुळाचाराला एक पान: तिथी, काय मांडायचं, नैवेद्य प्रमाणासकट, लागणारा वेळ, अंदाजे खर्च, आणि शेवटी दोन ओळी, सगळं जमलं नाही तर काय केलं की चालेल. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती लिहायला तुम्हाला सर्वांत जड जाईल. उदाहरणार्थ गणपती: षोडशोपचार जमले नाहीत तर पंचोपचार, म्हणजे गंध, फूल, धूप, दिवा, नैवेद्य, वेळ 15 मिनिटं. गौरी: मुखवटे आणि साड्या जमल्या नाहीत तर खडे. कुलदेवीची सवाष्ण-कुमारिका: एक मुलगी जेवू घातली तरी चालेल. वही मराठीत लिहा, पण मुलांना देवनागरी सराईत वाचता येत नसेल तर प्रत्येक पान मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्डही करा. तुमचा आवाज वहीपेक्षा जास्त टिकेल.

रोजच्यासाठी काही छोटं हवं असेल तर दत्तबावनी आहेच. नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांनी, म्हणजे गोध्र्याच्या एका मराठी घरातल्या मुलाने, 1935 मध्ये ती गुजरातीत रचली. 52 ओळी, पाच-सात मिनिटं, आणि तुमच्या मुलांना तिची भाषा संस्कृतपेक्षा नक्की जास्त कळते.

देवघरही आत्ताच आवरा. कुलदैवतांचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख-घंटा एवढं एका डब्यात मावेल असं ठेवा. ते फ्लॅटमधल्या कपाटातही राहू शकतं. लग्नात आलेल्या चांदीच्या मूर्ती, यात्रेहून आणलेले फोटो, दिनदर्शिकांचे देव हळूहळू कमी करा. जास्तीच्या मूर्ती नात्यातल्या मागणाऱ्या घराला द्या. माळ्यावर हस्तलिखित पोथ्या असतील तर मात्र नर्मदेत सोडू नका. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं जपलेली आहेत, वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच तयार झाली. पोथी न उलगडता, न चिकटवता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून तिथे दाखवायला न्या. हे काम मुलाला सांगा. देव मानत नसला तरी दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर बघायला तो येईल.

मावस सासूबाईंना चतुर्थीच्या चार दिवस आधी तुम्हीच फोन करा, त्यांचा येण्याआधी. "यंदा पूजेला नात बसतेय. पूजा साडेआठला, आरती दहाला. आणि मोदकांची उकड तो मळणार आहे, तेव्हा पारी फाटली तर बोलायचं नाही."